मोटरहोमची बॅटरी पुन्हा पुन्हा उतरते : दोष शोधायचा कुठे आणि कसा

मोटरहोम म्हणजे राहण्याची सोय असलेली गाडी. तिच्या बॅटरीची तक्रार साधारण अशी असते. संध्याकाळी दिवे, पाण्याचा पंप, पंखा सगळं व्यवस्थित चालतं. पहाटे हीटरचा ब्लोअर मंदावतो, फ्रिजवर एरर येते आणि पॅनेलवर बॅटरीचा लाल दिवा लागतो. गाडी बाहेरच्या मेन सप्लायला जोडली की दिवसभर काही त्रास नाही. सप्लाय काढून एक रात्र गेली की पुन्हा तेच. मग बॅटरी बदलली जाते, काही महिने बरे जातात आणि तीच तक्रार परत सुरू होते. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असा हा प्रकार असतो, कारण बहुतेक वेळा दोष दुसरीकडे असतो आणि त्याचा मार बॅटरी खात असते.

वारंवार उतरणाऱ्या बॅटरीमागे तीन कारणं शोधायची. एक, ती कधी पूर्ण भरतच नाही. दोन, भरलेली वीज तुमच्या नकळत कुणीतरी ओढतंय. तीन, वीज बॅटरीत आहे, पण वायरीत आणि जोडांत वाया जाते, उपकरणापर्यंत पोहोचत नाही. बॅटरी खरोखर संपली आहे का, हा प्रश्न या तिन्हींनंतरचा. तो आधी सोडवायला गेलात तर नवी बॅटरीही त्याच वाटेने जाईल, आणि तिचे हाल व्हायला लागले आहेत हे कळेपर्यंत वॉरंटीही संपलेली असेल.

कोणती बॅटरी उतरतेय?

मोटरहोममध्ये दोन स्वतंत्र व्यवस्था असतात. इंजिन सुरू करणारी स्टार्टर बॅटरी वेगळी आणि राहण्याच्या भागाची, म्हणजे घराची बॅटरी वेगळी. स्टार्टर बॅटरी काही सेकंद प्रचंड करंट देण्यासाठी बनवलेली असते. घराची डीप सायकल बॅटरी तासन्‌तास थोडा थोडा करंट देते. सेल्फ मारल्यावर नुसती टकटक होत असेल तर स्टार्टर बॅटरी, तिचे टर्मिनल आणि इंजिनची अर्थिंग पट्टी पाहायची. आतले दिवे मंद होत असतील तर घराची बॅटरी पाहायची.

दोन्ही एकदमच उतरत असतील तर संशय पहिल्यांदा दोघींना जोडणाऱ्या रिलेवर, म्हणजे विजेवर चालणाऱ्या स्विचवर घ्या. इंजिन चालू असताना हा रिले दोन्ही बॅटऱ्या जोडतो आणि इंजिन बंद झालं की तोडतो. त्याचे कॉन्टॅक्ट जळून चिकटले की जोडणी कायमची राहते आणि रात्रभर घरातला खर्च स्टार्टर बॅटरीतूनही होतो. तपासणी सोपी आहे. इंजिन बंद करा, थोडा वेळ जाऊ द्या, सोलर आणि चार्जर बंद ठेवा. आता आतले सगळे दिवे आणि पंखे लावा आणि मीटर स्टार्टर बॅटरीवर धरा. घराच्या बॅटरीबरोबर तिचंही व्होल्टेज खाली सरकत असेल तर रिले चिकटलेला आहे.

मीटर धरण्यापूर्वी

साधा डिजिटल मल्टिमीटर आणि डीसी करंट मोजणारा क्लॅम्प मीटर एवढं हवं. क्लॅम्प मीटर घेताना नीट बघा, कारण बरेचसे फक्त एसी करंट मोजतात आणि १२ व्होल्टच्या वायरीवर शून्य दाखवत राहतात. पाणी घालायची बॅटरी असेल तर ॲसिडची घनता मोजणारा हायड्रोमीटरही घ्या.

अंगठी, कडं, धातूच्या पट्ट्याचं घड्याळ काढून ठेवा. १२ व्होल्टचा झटका बसत नाही म्हणून लोक निर्धास्त राहतात. पण स्पॅनर पॉझिटिव्ह टर्मिनल आणि चेसिसच्या मध्ये सापडला तर शेकडो ॲम्पिअर वाहतात आणि लोखंड लाल होतं. बॅटरी काढताना निगेटिव्ह आधी काढायची आणि लावताना शेवटी लावायची. छतावर सोलर असेल तर पॅनेलची लाइन आधी तोडा, मग बॅटरी काढा. बॅटरीशिवाय फक्त पॅनेल जोडलेलं राहिलं तर सोलरचं चार्जिंग सांभाळणारा कंट्रोलर बिघडू शकतो. लेड-ॲसिड बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते, तेव्हा कप्पा उघडा ठेवून, ठिणगी न पाडता काम करा.

स्थिर व्होल्टेज आणि त्याची फसगत

चार्जरवरून नुकतीच काढलेली बॅटरी १३ व्होल्टच्या वर दाखवते. तो प्लेटच्या पृष्ठभागावरचा चार्ज असतो, त्यावर विश्वास ठेवू नका. सगळं बंद करून काही तास बॅटरी तशीच ठेवा, मग मोजा. पाण्याच्या लेड-ॲसिड बॅटरीत १२.६ ते १२.७ व्होल्ट म्हणजे पूर्ण भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२.० च्या आसपास पाव, आणि ११.९ च्या खाली जवळपास रिकामी. एजीएम बॅटरी, म्हणजे काचतंतूंच्या थरात ॲसिड शोषलेली बंद बॅटरी, पूर्ण भरल्यावर यापेक्षा थोडं जास्त, १२.८ किंवा १२.९ दाखवते. म्हणजे पूर्ण आणि रिकामी यांत एका व्होल्टचाही फरक नाही. पॅनेलवरचे चार दिवे किंवा काटा एवढा बारीक फरक नीट दाखवू शकत नाहीत. मीटर थेट बॅटरीच्या टर्मिनलवर धरा.

स्थिर व्होल्टेज १०.५ च्या जवळ येत असेल आणि चार्ज करूनही वर टिकत नसेल, तर सहापैकी एक सेल शॉर्ट झाला असण्याची दाट शक्यता असते, कारण प्रत्येक सेल साधारण २.१ व्होल्टचा. दोन बॅटऱ्या समांतर जोडलेल्या असतील तर त्या सुट्या केल्याशिवाय हे कळत नाही. चांगली बॅटरी खराब बॅटरीला रात्रभर पाजत राहते आणि सकाळी दोघीही उतरलेल्या सापडतात. दोन्ही वेगळ्या करा, एक रात्र जाऊ द्या आणि सकाळी एकेकीचं व्होल्टेज घ्या. नुसत्या एवढ्यानेच कितीतरी गाड्यांचं दुखणं सापडतं.

हायड्रोमीटरने प्रत्येक सेल स्वतंत्र तपासता येतो. भरलेल्या सेलमध्ये ॲसिडची घनता १.२६५ ते १.२८० असते. पाच सेल सारखे आणि एक त्यांच्यापेक्षा ०.०५० ने कमी असेल तर तो सेल गेला. सगळेच सारखे कमी असतील तर बॅटरी भरलेली नाही, एवढंच सिद्ध होतं.

पहिलं कारण : ती पूर्ण भरतच नाही

माझ्या मते वारंवारच्या तक्रारीचं हे सर्वांत मोठं आणि सर्वांत दुर्लक्षित कारण आहे. लेड-ॲसिड बॅटरी साधारण ८० टक्क्यांपर्यंत वेगाने भरते. उरलेले २० टक्के भरताना ती करंट कमी कमी घेत जाते आणि त्याला कित्येक तास लागतात. ही बॅटरीची रासायनिक गरज आहे, मोठा चार्जर लावून ती टळत नाही. तासभर गाडी चालवून मुक्कामी पोहोचणारा माणूस समजतो की बॅटरी भरली. ती ७०-८० टक्क्यांवर असते. दुसऱ्या दिवशी तिथूनच खर्च सुरू होतो, पुन्हा तासाभराचा प्रवास, पुन्हा अर्धवट चार्ज. असं आठवडेच्या आठवडे चाललं की प्लेटवरच्या लेड सल्फेटचे कठीण स्फटिक बनतात आणि तेवढा भाग कायमचा निकामी होतो. १०० ॲम्पिअर-तासांची बॅटरी हळूहळू ५० ची होते. मालक म्हणतो, बॅटरी खराब निघाली.

चार्जिंग तपासायला प्रत्येक स्रोत वेगळा घ्या.

मेन सप्लायवरचा चार्जर चालू करा आणि बॅटरीच्या टर्मिनलवर मीटर धरा. उतरलेल्या बॅटरीवर व्होल्टेज हळूहळू चढत १४.४ च्या आसपास जायला हवं, तिथे काही तास टिकायला हवं आणि मग १३.५ ते १३.८ वर उतरायला हवं. जेल बॅटरीला, म्हणजे जिच्यातलं ॲसिड जेलीसारखं घट्ट असतं तिला, वरची मर्यादा थोडी कमी लागते, १४.१ ते १४.४. तुमच्या बॅटरीवर निर्मात्याने जो आकडा छापला असेल तो अंतिम माना. बऱ्याच जुन्या गाड्यांतला कन्व्हर्टर, म्हणजे मेन सप्लायची वीज १२ व्होल्टवर आणणारी पेटी, मात्र कायम १३.६ व्होल्टच देतो. अशा कन्व्हर्टरवर बॅटरी भरायला दिवस लागतात आणि सल्फेट पूर्ण मोडत नाही. गाडी महिनोन्‌महिने सप्लायला लावून ठेवूनही बॅटरी अशक्त राहते ती यामुळे. उलट बाजूने, चार्जर फ्लोटवर, म्हणजे भरल्यानंतरच्या १३.५ ते १३.८ व्होल्टवर, उतरतच नसेल आणि १४ च्या वर अडकला असेल तर पाणी उकळून उडतं. सेलमधल्या प्लेट उघड्या पडल्या असतील तर आधी चार्जर तपासा. पाणी डिस्टिल्डच घाला. प्लेट उघड्या असतील तर चार्ज करण्यापूर्वी त्या जेमतेम बुडतील एवढंच, आणि बाकीची पातळी पूर्ण चार्ज झाल्यावर.

इथे एक खाचखळगा आहे. चार्जरच्या तोंडाशी १४.४ आणि बॅटरीवर १३.७ दिसत असेल तर मधली वायर किंवा एखादा जोड ०.७ व्होल्ट खातोय. चार्जरला वाटतं काम झालं. बॅटरी अर्धवट राहते. म्हणून दोन्ही टोकांना मोजा, तेही करंट वाहत असताना.

आता अल्टरनेटर. साध्या अल्टरनेटरवर इंजिन चालू असताना स्टार्टर बॅटरीवर १३.८ ते १४.४ आणि घराच्या बॅटरीवर त्याच्या जवळपास व्होल्टेज दिसायला हवं. स्टार्टरवर १४.२ आणि घराकडे १२.५ असेल तर रिले, त्याचा फ्यूज किंवा मधली वायर तपासा. नव्या गाड्यांतला स्मार्ट अल्टरनेटर इंधन वाचवण्यासाठी स्टार्टर बॅटरी भरली की व्होल्टेज मुद्दाम खाली आणतो. त्या गाडीवर व्होल्टेज पाहून जोडणारा जुन्या पद्धतीचा रिले बसवला तर तो मध्येच तुटतो आणि घराची बॅटरी तशीच राहते. लांबचा प्रवास करूनही बॅटरी भरत नाही, ही तक्रार अशा गाड्यांवर हमखास येते. त्यावर उपाय डीसी-डीसी चार्जर. तो मिळेल ते व्होल्टेज घेऊन बॅटरीला हवं ते बनवून देतो. फक्त रिले बदलत राहून हा दोष जाणार नाही.

सोलरबद्दल थोडक्यात. छतावर आडवं बसवलेलं १०० वॅटचं पॅनेल कडक उन्हातही जेमतेम ५-६ ॲम्पिअर देतं, आणि ढगाळ दिवशी त्याच्या कितीतरी कमी. पॅनेलच्या एका कोपऱ्यावर एसीची किंवा व्हेंटची सावली पडली तरी उत्पन्न एकदम कोसळतं. सावली, धूळ, छतावरचे कनेक्टर आणि कंट्रोलरमधली बॅटरीच्या प्रकाराची सेटिंग एवढं पाहा.

दुसरं कारण : नकळत ओढला जाणारा करंट

सगळे स्विच बंद असले तरी मोटरहोममध्ये काही गोष्टी सतत जाग्या असतात. गॅसचा आणि कार्बन मोनॉक्साइडचा डिटेक्टर, रेडिओची मेमरी, ट्रॅकर, फ्रिज आणि गीझरचे कंट्रोल बोर्ड, पायरीची मोटर, टीव्हीच्या अँटेनाचा बूस्टर. यातल्या काहींची लाइन मुख्य कट-ऑफ स्विचच्या आधीच घेतलेली असते, त्यामुळे स्विच बंद करूनही ती चालूच राहतात. कट-ऑफ मारला म्हणजे बॅटरी सुटी झाली, हा समज खूप बॅटऱ्या मारतो.

हिशेब करून पाहा. ५० मिलीॲम्पिअर म्हणजे दिवसाला १.२ ॲम्पिअर-तास. १०० च्या बॅटरीला ते फारसं जड नाही, पण गाडी दोन महिने उभी राहिली तर ७२ ॲम्पिअर-तास जातात. १ ॲम्पिअर ओढला जात असेल तर दिवसाला २४, म्हणजे दोन दिवसांत बॅटरी अर्धी. आणि १ ॲम्पिअर ओढायला फार काही लागत नाही, लोड न लावता नुसता चालू ठेवलेला मोठा इन्व्हर्टर पुरतो.

मोजणी अशी करा. सोलर आणि चार्जर तोडा. सगळी उपकरणं बंद करा, दारं लावून घ्या किंवा दाराचा स्विच दाबून ठेवा. इंजिनाच्या बाजूचं मोजत असाल तर कंट्रोल युनिट झोपी जायला अर्धा तास द्या. मग निगेटिव्ह वायरीभोवती डीसी क्लॅम्प मीटर लावा. अगदी कमी करंटवर क्लॅम्प नेमका आकडा दाखवत नाही. तिथे मल्टिमीटर १० ॲम्पिअरच्या रेंजवर ठेवून निगेटिव्ह टर्मिनल आणि निगेटिव्ह वायर यांच्यामध्ये घाला. मीटर मध्ये असताना सेल्फ मारू नका, पंप किंवा हीटर लावू नका, मीटरचा फ्यूज उडेल.

करंट जास्त निघाला तर कोणत्या सर्किटमधून जातोय ते शोधायचं. सर्वसाधारण सल्ला एकेक फ्यूज काढून बघण्याचा असतो. तो चालतो, पण फ्यूज काढून परत लावला की काही बोर्ड जागे होतात आणि आकडा बदलतो. त्यापेक्षा मीटर मिलीव्होल्टवर ठेवून प्रत्येक ब्लेड फ्यूजच्या डोक्यावरच्या दोन उघड्या टोकांवर धरा. फ्यूजमधून करंट वाहत असेल तर थोडं तरी मिलीव्होल्ट दिसतं, वाहत नसेल तर शून्य. फ्यूज न हलवता पाच मिनिटांत सगळी पेटी तपासून होते.

तीन प्रकारे चालणाऱ्या फ्रिजकडे विशेष लक्ष द्या. गॅस, मेन आणि १२ व्होल्टवर चालणारा शोषण पद्धतीचा फ्रिज १२ व्होल्टवर १० ते १४ ॲम्पिअर खातो, तोही सलग. तो फक्त इंजिन चालू असतानाच १२ व्होल्टवर चालावा म्हणून वेगळा रिले असतो. रिले चिकटला किंवा कुणी लाइन थेट घराच्या बॅटरीवर घेतली असेल तर एका रात्रीत बॅटरी संपते. कॉम्प्रेसरचा फ्रिज चालू असताना ३ ते ५ ॲम्पिअर घेतो आणि मधून मधून थांबतो. त्याचा दिवसाचा खर्च किती वेळ चालला यावर ठरतो. गरम दिवसांत, मागची जाळी तुंबलेली असताना तो जवळजवळ थांबतच नाही, आणि अशा वेळी बॅटरीवर खापर फुटतं.

डिटेक्टरची वायर तोडून करंट वाचवायचा विचार मनातही आणू नका. झोपायच्या गाडीत तो चालूच हवा. गाडी महिनोन्‌महिने रिकामी उभी राहणार असेल तर बॅटरीचं निगेटिव्हच सोडवून ठेवा.

तिसरं कारण : वाटेत हरवणारी वीज

बॅटरीवर १२.५ व्होल्ट आहेत, तरी पंप रडतो. इन्व्हर्टर लो बॅटरी म्हणून ओरडतो. पंप सुरू केला की दिवा डोळे मिचकावतो. ही तिसऱ्या कारणाची लक्षणं.

इथे लोड चालू ठेवून मोजणं अत्यावश्यक आहे. करंट वाहत नसेल तर कुजलेल्या जोडावरही पूर्ण व्होल्टेज दिसतं. वायरीचा एकच धागा शिल्लक असला तरी मीटर १२.५ दाखवेल, कारण मीटर करंट घेतच नाही. पंप किंवा ब्लोअर चालू करा. मीटरचं एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हवर आणि दुसरं उपकरणाच्या पॉझिटिव्हवर धरा. दिसेल तो आकडा म्हणजे वाटेत गमावलेलं व्होल्टेज. मग तसंच बॅटरीच्या निगेटिव्हपासून उपकरणाच्या निगेटिव्हपर्यंत. दोन्ही मिळून ३ टक्के, म्हणजे १२ व्होल्टवर सुमारे ०.३६ व्होल्ट, इतपत सोडून द्या. अर्धा-एक व्होल्ट निघाला तर एक टोक जागेवर ठेवून दुसरं फ्यूज, स्विच, जोड असं पुढे पुढे सरकवा. जिथे आकडा एकदम उडी मारतो, त्याच्या अलीकडे दोष आहे.

०.०५ ओहमचा रोध साध्या मल्टिमीटरवर नीट मोजताही येत नाही. पण त्यातून २० ॲम्पिअर गेले तर १ व्होल्ट कमी होतो आणि त्या एका जोडावर २० वॅट उष्णता तयार होते. प्लास्टिकच्या बंद पेटीत एवढी उष्णता आग लावायला पुरते. फ्यूज होल्डर पिवळट पडलाय, लगजवळचं (वायरीच्या टोकाला दाबून बसवलेल्या धातूच्या कडीजवळचं) इन्सुलेशन कडक झालंय, हात लावल्यावर चटका बसतोय, अशा खुणा दिसल्या तर ते काम उद्यावर ढकलू नका. फ्यूज धडधाकट असून होल्डरचं तोंड जळालेलं असणं अगदी नेहमीचं. नुसता फ्यूज बदलून भागत नाही, होल्डर बदला. आणि उडणाऱ्या फ्यूजच्या जागी मोठा फ्यूज कधीच घालू नका, तो वायर वाचवण्यासाठी आहे.

वायरीची जाडी हा दुसरा भाग. बॅटरीपासून ५ मीटरवरचं उपकरण, जाऊन-येऊन १० मीटर तांब्याची वायर. ६ स्क्वेअर एमएम वायरीतून २० ॲम्पिअर गेले तर सुमारे ०.५७ व्होल्ट जातात. तीच वायर १६ स्क्वेअर एमएमची असेल तर ०.२ व्होल्टच्या आसपास. नंतर हौसेने जोडलेली उपकरणं बहुधा बारीक वायरीवर असतात. इन्व्हर्टरचं तर फारच काटेकोर पाहा. १००० वॅटचं उपकरण १२ व्होल्टवर ८३ ॲम्पिअर मागतं आणि इन्व्हर्टरमधला तोटा धरला की ९५ च्या आसपास. एवढ्या करंटला वायर आखूड आणि जाड हवी, लग नीट दाबलेले हवेत आणि फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ हवा. शिवाय लेड-ॲसिड बॅटरीची क्षमता साधारणपणे २० तासांच्या हिशेबाने लिहिलेली असते. १०० ॲम्पिअर-तास म्हणजे ५ ॲम्पिअर २० तास. ९५ ॲम्पिअर ओढले तर ती तासभरही टिकत नाही, आणि तो बॅटरीचा दोष नसतो.

अर्थिंगचे जोड लोक सर्वांत शेवटी पाहतात. मी ते आधी पाहतो, कारण ते गाडीच्या पोटाखाली, चिखलपाण्यात असतात. चेसिसला बोल्ट केलेला लग काढा, धातू चमकेपर्यंत रंग आणि गंज घासा, दातेरी वॉशर घालून आवळा आणि वरून ग्रीस किंवा गंजरोधक लावा. एक दिवा लावला की दुसराच अर्धवट उजळतो, इंडिकेटरबरोबर आतलं पॅनेल लुकलुकतं, असले विचित्र प्रकार जवळजवळ नेहमी खराब अर्थिंगमुळे होतात. करंटला परतीची नीट वाट मिळाली नाही की तो दुसऱ्या उपकरणातून वाट काढतो.

लिथियम असेल तर

लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीला वरचे आकडे लागू नाहीत. पूर्ण भरून स्थिरावल्यावर ती १३.३ ते १३.४ दाखवते आणि मधला सगळा काळ व्होल्टेज जवळजवळ सपाट राहतं, त्यामुळे व्होल्टेजवरून किती उरलंय ते कळत नाही. त्यासाठी शंटचा मॉनिटर हवा. शंट म्हणजे निगेटिव्हच्या वाटेत बसवलेला, येणारा-जाणारा करंट मोजणारा भाग. सगळ्या उपकरणांच्या निगेटिव्ह वायरी शंटच्या पलीकडे जोडलेल्या असाव्यात. एखादी वायर थेट बॅटरीच्या निगेटिव्हवर असेल तर तिचा हिशेब लागत नाही आणि मॉनिटर ६० टक्के दाखवत असताना गाडी अंधारात जाते.

टर्मिनलवर एकाएकी शून्य किंवा दोन-तीन व्होल्ट दिसले तर घाबरू नका. आतल्या बीएमएसने, म्हणजे बॅटरीचं संरक्षण करणाऱ्या सर्किटने, बॅटरी तोडलेली असते. कारण फार खाली उतरणं, शॉर्ट, जास्त करंट किंवा तापमान. बऱ्याच चार्जरना समोर काही व्होल्टेज दिसल्याशिवाय ते सुरूच होत नाहीत, म्हणून लिथियम जागी करण्याची सोय असलेला चार्जर लागतो. शून्य अंशाखाली या बॅटऱ्या चार्ज करायच्या नसतात, त्या तापमानात चार्ज केल्यास सेलमध्ये धातूरूप लिथियम साचतं आणि कायमचं नुकसान होतं. चांगला बीएमएस थंडीत चार्जिंग रोखतो. थंड सकाळी सोलर शून्य दाखवत असेल तर आधी बॅटरीचं तापमान बघा. आणि लिथियम अल्टरनेटरला थेट जोडू नका. ती मिळेल तेवढा करंट ओढते आणि अल्टरनेटर, विशेषतः इंजिन आयडलवर असताना, तापून जळू शकतो.

मेन सप्लायच्या बाजूला

बाहेरच्या सप्लायवर ब्रेकर वारंवार ट्रिप होत असेल तर सगळी उपकरणं काढून एकेक जोडत जा. ज्या क्षणी ट्रिप होतो, ते शेवटचं उपकरण संशयित. गळतीमुळे ट्रिप होत असेल तर गीझरचं किंवा फ्रिजचं ओलावलेलं एलिमेंट अनेकदा निघतं. प्लगच्या पिना काळ्या पडल्या असतील तर प्लग आणि सॉकेट दोन्ही बदला. रिळावर गुंडाळलेली केबल तशीच वापरू नका, पूर्ण सोडवून ठेवा. यापुढचं मेनचं काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडे द्या, इथे झटका जीव घेतो.

कधी होतं, कधी होत नाही

बॅटरी अधूनमधून उतरत असेल तर अंदाजावर पुढे जाऊ नका, नोंद ठेवा. झोपताना आणि उठल्यावरचं व्होल्टेज, रात्री काय काय चालू होतं, बाहेर थंडी किती होती, आदल्या दिवशी गाडी किती तास चालली. आठवड्याभरात बहुधा चित्र स्पष्ट होतं. खडबडीत रस्त्यानंतरच त्रास होत असेल तर लूज कनेक्शन. पावसानंतर होत असेल तर ओलावा आणि अर्थिंग. थंड रात्रीच होत असेल तर हीटरचा ब्लोअर आणि थंडीत घटलेली क्षमता. काहीच जुळत नसेल तर दिवे लावून, मीटर बॅटरीवर ठेवून, एकेक हार्नेस (वायरींचा जुडगा) हाताने हलवत जा आणि आकड्याकडे लक्ष ठेवा.

आता बॅटरीची पाळी

चार्जिंग बरोबर, चोरटा करंट नाही, वायरीत व्होल्टेज पडत नाही, एवढं झाल्यावर बॅटरीची क्षमता तपासा. लेड-ॲसिड बॅटरी पूर्ण भरा, काही तास विश्रांती द्या. क्षमतेच्या विसाव्या भागाइतका लोड लावा, म्हणजे १०० ॲम्पिअर-तासांना ५ ॲम्पिअर. १० तास चालवा, लोड काढा आणि व्होल्टेज स्थिरावू द्या. १२.२ च्या आसपास असेल तर बॅटरी धडधाकट आहे. १० तासांच्या आतच ती ११ च्या खाली गेली तर बदलायची वेळ आली आहे. या तपासणीनंतर ती लगेच पूर्ण चार्ज करा. उतरलेली बॅटरी तशीच ठेवली तर सल्फेट वाढतं, आणि कडाक्याच्या थंडीत ती गोठूही शकते, कारण उतरलेल्या बॅटरीतलं ॲसिड जवळजवळ पाण्यासारखं पातळ झालेलं असतं.

समांतर जोडणीत एक बॅटरी गेली असेल तर शक्यतो सगळ्या एकाच वेळी बदला. एकाच प्रकारच्या, एकाच क्षमतेच्या, एकाच वयाच्या घ्या. पॉझिटिव्ह एका टोकाच्या बॅटरीवरून आणि निगेटिव्ह दुसऱ्या टोकाच्या बॅटरीवरून काढा, म्हणजे सगळ्यांवर सारखा भार येतो. नवी बॅटरी बसवली की चार्जर, सोलर कंट्रोलर आणि डीसी-डीसी चार्जर या तिन्हींवर तिच्या प्रकाराची सेटिंग करा. पहिल्या पूर्ण चार्जनंतर, सगळं बंद असताना वाहणारा करंट मोजून तो आकडा आणि तारीख बॅटरीच्या कप्प्याच्या झाकणावर आतून लिहून ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी तुलना करायला आकडा हाताशी राहील.